कारखान्याची पुनर्रचना झाली, कामगाराचे काय?

साखर कारखाना कर्जात बुडाला की बँका, सरकार, पुढारी सारे धावतात. तिथे राबणाऱ्याचा पगार बुडाला तर कोण धावतो?

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी शंकरराव पाटील आणि नीरा-भीमा असे पाच सहकारी कारखाने आहेत. 2023 साली अडचणीतल्या काही कारखान्यांसाठी राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जाचे प्रस्ताव राज्य सरकारने पुढे केले. त्यात कर्मयोगीसाठी 150 कोटी आणि नीरा-भीमासाठी 75 कोटी रुपये होते. सरकारची हमी म्हणजे जनतेची हमी. त्यात झोपडीतल्या माणसानेही भरलेला कर असतो.

कारखाने बुडावेत, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. धुराडे विझले तर पहिला उपाशी राहतो तो हंगामी कामगार. पण पुनर्रचना म्हणजे काय? जुने हप्ते लांबवायचे, व्याज कमी करून घ्यायचे, खेळते भांडवल आणायचे, इथेनॉल आणि वीजनिर्मितीतून उत्पन्न वाढवायचे. या प्रत्येक टप्प्यावर बँकेचा वकील हजर असतो. ऊस उत्पादकाच्या पाठीशी एफआरपीचा कायदा असतो. कामगाराला मात्र 'कारखाना वाचवायचा आहे, थोडे थांबा' असे सांगितले जाते. ऊसतोड मजुराचे तर नावच कारखान्याच्या पटावर नसते. तो मुकादमाच्या उचलीत अडकलेला. ज्याचे नाव कागदावर नाही, त्याची पुनर्रचना कोण करणार?

खासगी कंपनी अवसायनात निघाली तर 2016 च्या दिवाळखोरी संहितेत कामगारांच्या शेवटच्या 24 महिन्यांच्या थकबाकीला तारणधारक बँकेच्या बरोबरीचा मान आहे. राज्याच्या कायद्याखालील सहकारी कारखान्याला ही संहिता लागू होत नाही. सहकाराचा गजर करणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

सहकार कायद्याने संचालक मंडळात अनुसूचित जाती-जमातींसाठी एक जागा राखीव ठेवली आहे. कर्जाचा ठराव येतो तेव्हा तो संचालक काय विचारतो? पॅनेलप्रमुखाच्या कृपेने निवडून आलेला माणूस सहीपुरता उरतो. ही जागा समाजाची आहे, साखरसम्राटाची नाही!

बाबासाहेबांनी 1938 साली मुंबईत औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप उभारला. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामगाराचा हक्क ही मालकाची दया नाही, हे त्यांनी कायद्याच्या भाषेत बसवले. तो वारसा सांगणाऱ्यांनी आता ताळेबंद वाचायला शिकले पाहिजे.

मागणी साधी आहे. सरकारी हमीच्या प्रत्येक करारात थकीत वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि ऊसतोड मजुरांची नोंद या लेखी अटी असाव्यात. अटी पाळल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नये. कार्यकर्त्यांनी येत्या वार्षिक सभेत सभासदांमार्फत एवढा एकच प्रश्न लेखी विचारावा, आणि त्याची पोच घ्यावी.

जयभीम!