बिस्किटाचे बावन्न दात

हॅनोव्हरच्या हेर्मान बालसेन यांनी 1891मध्ये लोण्याचं बिस्किट बाजारात आणलं आणि त्याला त्याच शहरात राहून गेलेल्या गणिती-तत्त्वज्ञ लायब्निट्सचं नाव दिलं. आयताकृती बिस्किट, कडेला 52 दात! याच कंपनीची 'रुसिश ब्रोट' बिस्किटं तर थेट अक्षरांच्या आकाराची. मुलांनी शब्द जुळवावा आणि मटकावावा.

मराठी घरांत मात्र पाटी गिरवायची घाई. त्यापेक्षा शंकरपाळ्यांच्या घट्ट पिठाची वळी करून मुलांना 'ग' वळू द्यावा आणि ओव्हनमध्ये भाजावा. पिठाच्या वाट्या घालताना मोजणी होते, गोळा निम्मा केला की अपूर्णांक.

शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945मध्ये बोर्डी गावात बालशिक्षण सुरू केलं, तेव्हा आसपास सहज मिळणाऱ्या वस्तूच साधनं झाल्या. मग ओट्याने काय पाप केलंय? पीठ सांडेल, सांडू दे. ओव्हनपाशी मात्र मोठ्यांनीच जावं.