दोष स्वभावाचा की पाळीचा?

रुग्णवाहिकेवरील आपत्कालीन तंत्रज्ञ टिकत का नाहीत, ह्या प्रश्नाला अलीकडे एक सोयीस्कर उत्तर दिले जाते. त्यांचे व्यक्तिमत्त्वच ह्या कामाला अनुकूल नसते. सबब भरतीच्या वेळी मानसशास्त्रीय चाचणी घेऊन खंबीर माणसे निवडावीत आणि बाकीच्यांना ताण सोसण्याचे धडे द्यावेत! गिरणीमालकही एके काळी गैरहजेरीचे कारण कामगाराच्या आळसात शोधीत असत.

माणसामाणसांच्या स्वभावांत फरक असतो, हे कोणी नाकारीत नाही. परंतु १०८ क्रमांकाच्या गाडीवर काय घडते ते आधी पाहावे. २००५ साली आंध्र प्रदेशात सुरू झालेली ही सेवा पुढे अनेक राज्यांनी स्वीकारली. पैसा सरकारचा, कारभार बाहेरच्या संस्थेचा. गाडीत एक तंत्रज्ञ आणि एक चालक. चालकाला ‘पायलट’ म्हणतात. पदवी द्यायला खर्च येत नाही. महाराष्ट्रात २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी ही योजना आली. येथे तंत्रज्ञाच्या जागी डॉक्टर बसला, कंत्राट मात्र कायम राहिले.

बारा तासांची पाळी अनेक राज्यांत रूढ आहे. मध्यरात्री घाटात अडलेल्या बाळंतिणीची गाडीतच सुटका करायची, रुग्णालयात खाट मिळेपर्यंत नातेवाइकांचा संताप झेलायचा, स्ट्रेचरवरचे रक्त धुवायचे, तोच दुसरा कॉल. अशा सहा पाळ्या म्हणजे आठवड्याला ७२ तास. कारखान्यातील कामगाराला १९४८ च्या कायद्याने ४८ तासांची मर्यादा मिळाली. ज्याच्या थकलेल्या हाताची एक चूक रुग्णाच्या जिवावर बेतते, त्याला ती नको काय?

‘बर्न-आउट’ हा शब्द ज्यांनी मानसशास्त्रात रूढ केला, त्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यांतील कार्यकर्त्यांच्या अनुभवावरून लिहिले होते. त्यांना आढळले ते असे की, जळून जातात ते कामचुकार नव्हेत. निष्ठेने झोकून देणारेच प्रथम जळतात. म्हणजे चाचणी ज्याला उत्तम उमेदवार ठरवील, तोच ह्या व्यवस्थेचा पहिला बळी! जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली ह्या अवस्थेला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, आवर न घातलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हटले. कार्यकर्त्यांनी ही व्याख्या पाठ करून ठेवावी. अधिकाऱ्यांपुढे ती उपयोगी पडेल.

त्यातच नोकरी कंत्राटाची. निविदा बदलली की जुना अनुभवी माणूस पुन्हा नवखा ठरण्याची टांगती तलवार. बढतीची शिडी जवळजवळ नाहीच. अशा ठिकाणाहून जो निघून जातो, त्याच्या व्यक्तिमत्त्वात खोट आहे की त्याची विवेकबुद्धी शाबूत आहे?

आठ तासांच्या तीन पाळ्या लावायच्या तर माणसे वाढवावी लागतात. चाचणीला केवळ कागद लागतो. तिचे आकर्षण येथेच आहे. तंत्रज्ञापुढे प्रश्नपत्रिका ठेवण्यापूर्वी आरोग्यमंत्र्यांनी ह्या गाड्यांचे गेल्या वर्षभराचे हजेरीपट आणि वेतनपत्रके विधिमंडळापुढे ठेवावीत.