रमाईच्या चेहऱ्याचा रंग



७ फेब्रुवारीच्या रमाई जयंतीसाठी आमच्या विहारात मुलींनी पुठ्ठ्यावर ॲक्रेलिक रंगांत माता रमाईंचे चित्र काढले. रेखाटन छान जमले होते, पण चेहरा गुलाबी! रंगवणारी नववीतली मुलगी म्हणाली, "काका, बाटलीवर स्किन कलर असंच लिहिलंय." कोपऱ्यात बसलेल्या आजी बोलल्या, "ही कुण्या मडमेची लेक दिसती गं."

सगळे हसले. मला मात्र लाज वाटली. चार वर्षांपूर्वी जयंतीचा फलक रंगवणाऱ्या पेंटरला "चेहरा जरा उजळ घ्या" असे सांगणारा मीच होतो. रमाईंचे फोटो कृष्णधवल आहेत. त्यांत रंग भरतो तो आपण, आणि भरताना आपल्याच आयाबहिणींचा रंग आपल्याला कमी वाटतो. अमेरिकेतही क्रेयोला कंपनीचा फिकट गुलाबी खडू 'फ्लेश', म्हणजे अंगाचा रंग, या नावाने विकला जाई. १९६२ साली ते नाव बदलून 'पीच' केले गेले. आपल्या अजिंठ्याच्या कलावंतांनी तर गेरू, पिवळी माती, काजळी वापरून सावळी माणसे किती डौलाने रंगवली! पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात जाऊन जरूर बघा.

मग ती बाटली बाजूला ठेवली आणि ताटलीत रंग कालवायला घेतले. दोन वाटे पिवळा, एक वाटा लाल, झाला नारिंगी. त्यात निळा घालायचा, पण काडीच्या टोकाने, थोडा थोडा. निळा नारिंगीचा भडकपणा मारतो आणि तपकिरी उतरतो. लाल वाढला तर विटकरी, पिवळा वाढला तर मातकट. गडद करायला पोरी काळा घ्यायला धावल्या. काळ्याने रंग मळकट होतो, म्हणून निळाच किंचित वाढवला. उजळ भागाला नुसता पांढरा घातला की चेहरा खडू फासल्यासारखा दिसतो, सोबत थोडा पिवळा हवा.

ॲक्रेलिकची एक खोड आहे. ओला असताना फिकट दिसतो, वाळला की गडद होतो, कारण त्यातला दुधी चिकट भाग वाळून पारदर्शक होतो. म्हणून आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावून वाळू द्यावा. आणि लागेल तेवढा एकदमच कालवावा, दुसऱ्या खेपेला तीच छटा जुळता जुळत नाही. आमचा पहिला घाणा असाच वाया गेला.

"पण काका, रमाईंचा खरा रंग कोणता?" मुलीने विचारले. मला उत्तर देता येईना. तिने आजींचा हात धरून ताटलीशेजारी ठेवला आणि तिसऱ्या खेपेला छटा जुळवली. आजी हात मागे घेत पुटपुटल्या, "माझ्या हाताचं काय बघता?" पण चित्र पुरे होईस्तोवर, रात्री साडेनऊपर्यंत, त्या जागच्या हलल्या नाहीत.

त्या छटेचा पुठ्ठ्याचा तुकडा मी जपून ठेवला आहे. १४ एप्रिलच्या फलकासाठी पेंटरकडे जाताना सोबत नेणार आहे.