दानचिंतामणी माता अत्तिमब्बे

घरातील कर्ती आई निघून गेली की तिची आठवण तिच्या हाताळणीतील वस्तूंना बिलगून राहते. देवघरातील जपमाळ, वेष्टनात बांधलेली शास्त्राची पोथी, पूजेचे पातळ. दोन-तीन पिढ्यांनंतर त्या वस्तूही विरतात आणि नावही मागे पडते. कर्नाटकातील एका जैन मातेचे नाव मात्र हजार वर्षे उलटली तरी पुसले गेलेले नाही. ती माता म्हणजे अत्तिमब्बे.

इ. स. ९७३ मध्ये राष्ट्रकूटांची सत्ता मोडून दुसऱ्या तैलपाने चालुक्यांचे राज्य पुन्हा उभे केले, त्या धामधुमीचा तो काळ. अत्तिमब्बेंचे वडील मल्लपय्य विद्येचे आश्रयदाते होते. महाकवी पोन्न याने ‘शांतिपुराण’ रचले ते त्यांच्या व त्यांच्या बंधूंच्या आश्रयाने. अत्तिमब्बे आणि त्यांची धाकटी बहीण गुंडमब्बे या दोघींचा विवाह चालुक्यांचे सेनानी नागदेव यांच्याशी झाला. पुढे नागदेव युद्धात कामी आले. गुंडमब्बेंनी पतीमागे सहगमन केले. अत्तिमब्बेंच्या पदरी अण्णिगदेव हा पुत्र होता. त्या मागे राहिल्या.

दोघी बहिणींवर एकच दुःख कोसळले आणि दोघींच्या वाटा वेगळ्या झाल्या. सहगमनाचा त्या काळी मोठा गौरव होत असे. आचार्य समंतभद्रांनी मात्र ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अग्निपाताची गणना लोकमूढतेतच केली आहे. लोकांच्या वाहवेपेक्षा जगण्याची जबाबदारी अधिक कठीण असते. अत्तिमब्बेंनी ती पत्करली, पुत्राला वाढविले आणि उरलेले आयुष्य दानधर्माला वाहिले.

वडिलांच्या आश्रयाने रचलेले ‘शांतिपुराण’ काळाच्या ओघात नष्ट होऊ नये म्हणून त्यांनी त्याच्या १००० प्रती लिहवून वाटल्या. हा आकडा आज लहान वाटेल. तेव्हा ताडपत्रे कमवून तयार करावी लागत. लोखंडी लेखणीने एकेक अक्षर कोरायचे, त्यावर काजळी चोळायची आणि पानांना भोके पाडून ती दोऱ्यात ओवायची. एका प्रतीसाठी इतके श्रम, तर हजार प्रतींसाठी किती लेखक, किती ताडपत्रे आणि किती दिवसांचा शिधा लागला असेल, याचा हिशेब व्यापारी वाचकांनीच मांडून पाहावा. एकच पोथी वाळवीने, आगीने वा पुराने नाहीशी होऊ शकते. हजार ठिकाणी गेलेले शास्त्र सहसा बुडत नाही. याखेरीज त्यांनी रत्नखचित अशा १५०० जिनप्रतिमा घडवून दान दिल्याची नोंद परंपरेने जपली आहे.

मुधोळच्या बांगड्या विकणाऱ्या कुटुंबात जन्मलेल्या रन्न या कवीलाही त्यांनी आश्रय दिला. त्याने इ. स. ९९३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘अजितपुराणा’त अत्तिमब्बेंचे चरित्र आणि ‘दानचिंतामणी’ हा त्यांचा लौकिक आदराने गायिला आहे. कवीने आपल्या कन्येचे नावही अत्तिमब्बे ठेवले. आश्रयदात्रीची स्तुती राजसभेत अनेक कवी करतात. पण दररोज हाक मारावयाच्या लेकीला तिचे नाव देणे हे अंतःकरणातील प्रेमाचेच लक्षण होय.

गदगजवळील लक्कुंडी येथे अत्तिमब्बेंनी बांधविलेले भव्य जिनालय आजही उभे आहे. इ. स. १००७ च्या तेथील शिलालेखात त्यांच्या दानशीलतेचे वर्णन आढळते. त्यांच्या पुण्याईने गोदावरीचा पूर ओसरला, अशी आख्यायिकाही सांगितली जाते. आख्यायिका बाजूला ठेवली तरी त्यांचे कार्य उणे होत नाही.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने प्रत्येक जैन घराला ठाऊक आहेत. दिवंगत मातेच्या नावाने अन्नदान होते, रुग्णालयात कोनशिला बसते आणि ते योग्यच आहे. परंतु आईने स्वतःच्या हाताने उतरविलेली स्तवनांची वही बहुधा माळ्यावरच्या ट्रंकेत पडून असते. येत्या श्रुतपंचमीला, ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, ती वही बाहेर काढावी, तिची पाने सावलीत वाळवावीत, तिच्या चार प्रती काढून लेकीसुनांना द्याव्यात. अत्तिमब्बेंनी वडिलांचे शास्त्र असेच सांभाळले होते.