शुक्रतारा, इंदूरचे उच्चार आणि आमचं मंडळ

परदेशातल्या कुठल्याही मराठी मंडळाच्या गाण्यांच्या कार्यक्रमाला जा. मध्यंतरात बटाटेवडे, आणि मध्यंतरानंतर तिसरं नाहीतर चौथं गाणं 'शुक्रतारा मंद वारा'. आमचं वेस्टमीडही त्याला अपवाद नाही. वेस्टमीड म्हणजे सिडनीच्या पश्चिमेला, पॅरामाटाला लागून असलेलं उपनगर. बाकीचं सिडनी त्याला तिथल्या मोठ्या हॉस्पिटलमुळे ओळखतं. आम्ही ओळखतो ते इथे कोथिंबीर, कढीपत्ता आणि भाड्याचं घर एकाच रस्त्यावर मिळतं म्हणून.

तर, गाणं संपलं की कोणीतरी काका उसासा टाकून म्हणतातच, "आता तशी माणसं राहिली नाहीत हो." लोक माना डोलावतात. मला मात्र हे पटत नाही. माझं काम सिग्नलमधला गोंगाट गाळून खालचं खरं काय ते शोधण्याचं, त्यामुळे असेल कदाचित, पण अशा वाक्यामागे काय दडलंय ते बघायची खोड लागली आहे.

हे गाणं १९६२ चं. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, गायले अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा. चारही नावं आज दंतकथेसारखी घेतली जातात, म्हणून जरा त्या वेळच्या हिशेबानं बघा. दाते इंदूरचे. वडील रामूभैया दाते नामांकित रसिक, घरात गवयांचा राबता. मुलगा मात्र मुंबईला व्हीजेटीआयमध्ये टेक्स्टाईल इंजिनिअरिंगला (हो, आमच्यातलाच!). १९५५ पासून ते आकाशवाणीवर गात होते, पण उर्दू गझला. खळे मराठी गाणं घेऊन मागे लागले तेव्हा दाते टाळत राहिले. कारण? आपले उच्चार इंदुरी, मराठीत ते चालणार नाहीत ही भीती. ते स्वतःच हे पुढे सांगत. शेवटी वडिलांनी दटावलं, तेव्हा गाडी हलली.

आणि सुधा मल्होत्रा? जन्म दिल्लीचा, घरची भाषा मराठी नाही. हिंदी सिनेमातलं गाणं लग्नानंतर, १९६० च्या सुमारास त्यांनी थांबवलेलं. (लग्न झालं ते मोटवाने कुटुंबात. आपल्या सभा-संमेलनांतले 'शिकागो रेडिओ'चे कर्णे आठवतात? तेच मोटवाने. माझ्यासारख्याला ही माहिती गाण्याइतकीच गोड वाटते!)

म्हणजे बघा, ज्या गाण्याला आपण मराठी मनाचा अर्क वगैरे म्हणतो, ते गाणारे दोघेही पुण्या-मुंबईच्या शुद्धलेखनाच्या परीक्षेत काठावर पास झाले असते.

आता कारखान्याकडे वळू. भावगीत १९६२ त जन्मलं नाही. त्याआधी गजाननराव वाटव्यांनी एका पेटीवर गावंच्या गावं जिंकली होती. पण पन्नाशीच्या दशकात एक विचित्र गोष्ट घडली. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झाले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्याचे. त्यांना सिनेसंगीताचं वावडं. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली आणि अख्खा देश रेडिओ सिलोनकडे वळला. केसकरांची चेष्टा झाली आणि ती रास्तच होती. १९५७ ला विविधभारती काढून सरकारला अर्धी माघार घ्यावी लागली. पण मधल्या काळात रिकामी झालेली जागा भरायची कशानं? म्हणून केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे राहिले. कवीकडून गीत घ्यायचं, संगीतकाराला द्यायचं, नवा आवाज शोधायचा, ठरल्या दिवशी वाजवायचं. पुणे केंद्रानं १९५५-५६ मध्ये गदिमा आणि सुधीर फडक्यांकडून आठवड्याला एक या दरानं ५६ गाण्यांचं गीतरामायण करून घेतलं ते याच दिवसांत. माणसं थोर होतीच, पण पुढचा आठवडाही दारात उभा होता ना!

मुंबई केंद्रावर 'भावसरगम' होतं, यशवंत देव होते, खळेही होते. पाडगावकरांनी काही वर्षं तिथेच नोकरी केली. न्यूयॉर्कमध्ये साठच्या दशकात ब्रिल बिल्डिंगमधल्या छोट्या छोट्या खोल्यांत पगारी गीतकार पियानोवर प्रेमगीतं पाडत बसत, त्यातली कितीतरी आज क्लासिक म्हणून गणली जातात. आपली ब्रिल बिल्डिंग सरकारी होती, एवढाच काय तो फरक. मानधन तुटपुंजं, पण काम नक्की.

तंत्राचंही बोलायला हवं. मिडियम वेव्हवर पाच किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही पोचत नाही. टाळ्या, झांजा, चकचकाट सगळा वाटेत गळतो. उरतो तो मधला पट्टा, म्हणजे माणसाचा आवाज. दात्यांचा आवाज मोठा नाही, थोडा कापरा, जवळ बसून बोलल्यासारखा. नाट्यगृहात विनामाईक तो तिसऱ्या रांगेपुढे गेला नसता. मायक्रोफोन आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरचा रेडिओ यांच्यासाठी मात्र तो बेतल्यासारखा होता. खळ्यांनी तो रेडिओवरच ऐकून हेरला हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

यशही एका रात्रीत आलं नाही. रेडिओनं वर्षानुवर्षं वाजवलं, रेकॉर्ड निघाली. दाते त्या काळात कापडगिरण्यांतच नोकरी करत होते, अठ्ठावीस वर्षं केली म्हणतात. पुढे 'शुक्रतारा' याच नावानं त्यांनी गावोगाव अडीच हजारांवर कार्यक्रम केले. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले, तोवर गाणं छपन्न वर्षांचं झालं होतं.

हे सगळं आत्ता सांगायचं कारण वेगळंच आहे. मागे इथल्या एका कार्यक्रमात इथेच जन्मलेली दहा वर्षांची एक मुलगी मराठी गाणं गायली. सूर पक्का. 'ळ'चा 'ल' आणि 'ण'चा 'न' होत होता. परीक्षक काकूंनी माईकवरून, सगळ्यांसमोर सांगितलं, "आधी उच्चार सुधार बाळा, मग गा." काकू मनानं वाईट नाहीत, त्यांचं भाषेवर प्रेम आहे. पण पुढच्या वर्षी ती मुलगी बॉलिवूड डान्सच्या ग्रुपमध्ये दिसली, आणि तिथे 'ळ' लागत नाही. दात्यांच्या रामूभैयांनी नेमकं उलट केलं होतं, आधी गा म्हणाले.

तुम्ही तिकडे म्हणाल, परदेशातल्या चार टाळक्यांचं हे दुखणं, आम्हाला काय त्याचं? पण तिकडेही स्पर्धांमध्ये मुलं आजी-आजोबांचीच गाणी म्हणताहेत की. उत्तम म्हणतात, अगदी हरकतीसकट. त्या मुलांसाठी नवं गाणं लिही, चाल लाव, अमुक तारखेला हवंय असं कुठल्या कवीला कोण सांगतंय?

यंदा मी आमच्या कमिटीपुढे एक प्रस्ताव ठेवला. दर गणपतीला एक नवं गाणं करून घ्यायचं. कवी आणि संगीतकार महाराष्ट्रातले, त्यांना रीतसर मानधन, गाणारी मुलं इथली, उच्चार जसे असतील तसे. खर्च हॉलच्या भाड्याहून कमी येतो, आकडे मांडून दाखवले. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग खजिनदार म्हणाले, "कल्पना छान आहे. पण शुक्रतारा ठेवायचं ना?"

ठेवू की. मध्यंतरानंतर, तिसरं.