चार तिकिटं की पाच?

फेब्रुवारी संपत आला की व्हॉट्सॲपवर पॅकेजच्या जाहिराती धडकायला लागतात. चार रात्री पाच दिवस, मागे परीकथेतला किल्ला नाहीतर युनिव्हर्सलचा तो फिरणारा गोळा, मोठ्या अक्षरात एक आकडा आणि त्याच्याखाली मुंगीच्या अक्षरात 'पासून पुढे'. पूर्वी 'मे महिन्यात कुठे?' या प्रश्नाचं उत्तर 'मामाकडे' असं एका शब्दात संपायचं. आता शाळेच्या गेटवर उभ्या असलेल्या आयांना 'यंदा आम्ही इथेच' हे वाक्य जरा हळू आवाजात म्हणावं लागतं. चैनीची वस्तू कर्तव्य कधी बनते ते कळत नाही, पण बनली की तिचे हप्ते सुरू होतात. आजचा विषय तोच.

माझं गाव पाम. बोईसर स्टेशनला उतरून तारापूर एमआयडीसी ओलांडली की आलंच. आमच्या गावात नोकरी म्हणजे एक तर अणुशक्ती केंद्रात, नाहीतर एमआयडीसीतल्या कुठल्या तरी केमिकल नाहीतर कापडाच्या कंपनीत, तीन शिफ्टमध्ये. घरात मी एकटा 'कॉम्प्युटरवाला', त्यामुळे पॅन कार्डापासून प्रिंटरपर्यंत सगळी दुखणी माझ्याकडे येतात. मागच्या महिन्यात चुलतभाऊ एक सिंगापूरचं पॅकेज घेऊन आला. "तू बघ ना जरा नेटवर, फसवत तर नाहीत ना?" फसवत नव्हते. पण कागद बघताना माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. त्यात चार नावं होती: तो, वहिनी, आठ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी. काकूचं नाव नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "आईचे गुडघे दुखतात रे. आणि बजेट..."

गुडघ्यांकडे नंतर येऊ. आधी बजेट.

सवयीप्रमाणे एक्सेल उघडलं. आकडे ढोबळ आहेत, तुम्ही तुमचे घाला. मुंबई-सिंगापूर विमान, सुट्टीचा सीझन, माणशी तीस हजार धरा: चौघांचे १,२०,०००. चार रात्री, दोन लहान खोल्या, रोजचे साडेबारा हजार: ५०,०००. युनिव्हर्सल स्टुडिओजचं एका दिवसाचं तिकीट, मोठ्यांचं ऐंशी सिंगापूर डॉलरच्या वर आहे, मुलांचं थोडं कमी, सरासरी साडेपाच हजार रुपये: २२,०००. खाणं आणि मेट्रो ३०,०००. व्हिसा ८,०००. एकूण दोन लाख तीस हजार.

आता हा तक्ता जरा नीट बघा. ज्या गोष्टीसाठी चाललोय ती गोष्ट, म्हणजे पार्क, एकूण खर्चाच्या दहा टक्क्यांच्याही आत आहे. बाकी सगळा खर्च नुसता तिथपर्यंत पोचायचा आणि तिथे टिकायचा. मग शहाणा माणूस काय करेल? पार्कसाठी भरपूर वेळ ठेवेल, जमलं तर दोन दिवस जाईल. आणि बरीच पॅकेजं काय करतात? सकाळी सिटी टूर, दुपारी जेवण, मग पार्क, संध्याकाळी बस गेटवर तयार! म्हणजे सव्वादोन लाख मोजून चार तास. रांगेतला वेळ वजा केला तर राइड तीन, फार तर चार. माझ्या हिशोबात सगळ्यात महागडी बचत ही आहे.

बरं, पैसे कुठून येणार? त्याच कागदावर सोय होती: आत्ता फिरा, नंतर भरा. पर्सनल लोनचा दर सोळा टक्के धरला, मुदत चोवीस महिने, तर दोन लाख तीस हजारांवर हप्ता बसतो साधारण ११,२५०. दोन वर्षांत भरले दोन लाख सत्तर हजार, म्हणजे चाळीस हजार रुपये नुसतं व्याज. (एलटीएमधून काहीतरी सुटेल असं काही जणांना वाटतं. एलटीएची करसवलत फक्त भारतातल्या प्रवासाला आहे, सिंगापूरला नाही.)

आता काकूचा खर्च काढू. विमान तीस हजार, व्हिसा दोन, पार्कचं तिकीट पाच (ज्येष्ठांना तिथे त्याहूनही स्वस्त मिळतं), खाणं-फिरणं-इन्शुरन्स आठ. खोलीचा वेगळा खर्च नाही, कारण आजी नातवंडांच्या खोलीत. पंचेचाळीस हजार. काकूला घरी ठेवून वाचवलेले पैसे जवळजवळ सगळेच्या सगळे बँकेला व्याज म्हणून चालले होते.

उलट करून बघा. तोच ११,२५० चा हप्ता चोवीस महिने रिकरिंगमध्ये टाकला, दर साडेसहा टक्के धरला, तर हातात येतात दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. पाच जणांचा खर्च दोन लाख पंच्याहत्तर. हप्ता तोच, महिने तेवढेच. कर्ज काढलं तर चौघं जातात, साठवलं तर पाच. दोन वर्षांत भाडी वाढतील आणि रुपया घसरेल हे मान्य, वरचे तेरा हजार त्याला पुरतीलच असं नाही. नाही पुरले तर एक रात्र कमी करा. पण माणूस कमी करू नका, असं माझं मत.

"दोन वर्षं थांबायचं? तोवर पोरं मोठी होतील!" हा भावाचा पहिला आक्षेप. अरे बाबा, तेच तर हवंय ना!

थीम पार्कमध्ये वयापेक्षा उंची महत्त्वाची. आपल्याकडे एसटी आणि रेल्वे हाफ तिकिटासाठी वय विचारतात, तिथे राइडच्या तोंडाशी चक्क मोजपट्टी असते. सिंगापूरच्या युनिव्हर्सलमध्ये ट्रान्सफॉर्मर्सला १०२ सेंटिमीटर लागतात, जुरासिक पार्कच्या पाण्याच्या राइडला १०७, ममीला १२२ आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिकाच्या त्या दोन रोलरकोस्टरना १२५. हाँगकाँगच्या डिस्नेलँडमध्ये बिग ग्रिझलीला ११२. वर्गातलं पाच वर्षांचं मूल डोळ्यांसमोर आणा, त्याची उंची साधारण १०५ च्या आसपास असते. म्हणजे तिकीट चार वर्षांपासून पुढे लागणार, आणि निम्म्या चांगल्या राइडना दारातूनच परत. मुलगा आत जाणार, मुलगी बाहेर रडणार, आणि तिला सांभाळत एक जण, बहुतेक वहिनीच, बाहेर उभी. दोन वर्षांनी मुलगी सात वर्षांची, चार फुटांच्या जवळपास, मुलगा दहाचा. दोघंही बाराच्या आत, म्हणजे मुलांचंच तिकीट. सात ते अकरा हा काळ उत्तम: उंची असते, तिकीट लहानांचं असतं, आणि मुख्य म्हणजे आठवतं. पाचव्या वर्षी केलेली परदेशवारी पुढे फोटोंतूनच आठवावी लागते.

पण एक गोष्ट एक्सेलमध्ये बसत नाही. मुलांची उंची एका बाजूला वाढत असते आणि आजीचे गुडघे दुसऱ्या बाजूला झिजत असतात. मुलांसाठी थांबणं फायद्याचं, तेच थांबणं आजीसाठी तोट्याचं. काकू आज सहासष्टची आहे, घरचं सगळं करते, बोईसरच्या बाजारातून मासळीची पिशवी स्वतः आणते. अडुसष्टला काय असेल? सत्तरला? म्हणून 'थांबा' म्हणताना मी दोन वर्षंच म्हणतो, 'बघू पुढे कधीतरी' म्हणत नाही. आपल्याकडे 'पुढे कधीतरी' या तारखेला बरेच आईबाप हार घातलेल्या फोटोत जाऊन बसलेले असतात.

आणि गुडघे दुखतात हे न नेण्याचं कारण होऊ नये. व्हीलचेअर पार्कात भाड्याने मिळते, विमानतळावर विमान कंपनीला आधी कळवलं तर फुकट मिळते. काकू एवढंच म्हणेल, "मला काय धाड भरलीय, मी चालेन." बसवायचं कौशल्य तुमचं.

इथे मला आमच्याकडची महालक्ष्मीची जत्रा आठवते. डहाणूजवळ विवळवेढ्याला चैत्री पौर्णिमेपासून भरते. आकाशपाळणा, मौत का कुआँ, खाजा, भांडी, टोपल्या, आणि आख्ख्या जिल्ह्यातली माणसं. जत्रेचा हिशोब सरळ असतो: जो पाळण्यात बसेल त्याचे पैसे. आजी खाली उभी राहून चपला सांभाळते, त्याचे शून्य. गंमत म्हणजे कॅलिफोर्नियातलं मूळचं डिस्नेलँड १९५५ साली उघडलं तेव्हा तिथेही असाच प्रकार होता, राइडच्या कुपनांचं पुस्तक मिळायचं. १९८२ मध्ये ते बंद झालं आणि एकच दारातलं तिकीट आलं. तेव्हापासून जो काहीच करत नाही तोही जवळपास पूर्ण पैसे मोजतो, आणि 'आईला कशाला, ती कुठे बसणारे राइडमध्ये' हा विचार सुचतो. हिशोब म्हणून तो चूक नाही. पण मग आजीला त्या दिवशी पार्कात नेलंच पाहिजे असंही नाही. सेंटोसाचा समुद्रकिनारा बघायला तिकीट लागत नाही. एक दिवस मुलांचा, एक दिवस तिचा. समुद्राकाठच्या बाईला दुसरा समुद्र बघायला आवडेल की नाही, हे तिलाच विचारा की! अजून कोणी विचारलेलंच नाही.

एक मात्र सांगतो, आजीला राखणदार म्हणून नेऊ नका. 'आई मुलीजवळ बसेल, आपण दोघं ममीत जाऊ' हे एकदा ठीक. दिवसभर तेच चाललं तर तिने काय घोडं मारलंय?

सिंगापूरच का, हाही प्रश्न विचारावा. पाय दुखणारं माणूस सोबत असेल तर माझी पसंती अबुधाबीला. यास बेटावरचं फेरारी वर्ल्ड (२०१०) आणि वॉर्नर ब्रदर्सचं पार्क (२०१८) जवळजवळ पूर्ण छताखाली, एसीत आहेत, आणि मुंबईहून विमान जेमतेम तीन तासांचं. आपल्या मे महिन्यात तिथे उकाडा भयंकर, पण आत राहायचं असेल तर काय फरक पडतो? तिथे डिस्नेही येणार असं मे २०२५ मध्ये जाहीर झालंय, पण त्यासाठी थांबू नका, बांधकामाच्या तारखांवर विश्वास ठेवायचा नसतो हे आम्हा बुलेट ट्रेनच्या बोईसर स्टेशनवाल्यांना वेगळं सांगायला नको :) जपान मनात असेल तर एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा टाळा, त्यांची सलग सुट्टी तेव्हाच असते आणि आख्खं जपान रांगेत उभं असतं. मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केला, मुदतवाढी मिळत गेल्या, तिकीट काढण्याआधी ताजी स्थिती बघून घ्या.

पॅकेज घ्यायचं की स्वतः जुळवायचं? विमान आणि हॉटेल एकत्र विकलं की ते परदेशी टूर पॅकेज ठरतं आणि त्यावर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस लागतो. दर बजेटगणिक बदलतात. हा पैसा बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो, आणि ऑक्टोबर २०२४ पासून नोकरदारांना तो कंपनीच्या टीडीएसमध्येच धरून घेता येतो. पण तोवर अडकतो हे खरं. विमानाचं तिकीट आणि हॉटेल वेगवेगळं स्वतः काढलं तर ही भानगड नाही. ज्याला इंटरनेट जमतं त्याने स्वतःच जुळवावं. परदेशात कार्ड घासताना मशीन 'रुपयात देता का?' विचारतं, तेव्हा नाही म्हणा, तिथल्याच चलनात द्या. रुपयाचा दर लावण्यात त्यांचं चांगलंच उखळ पांढरं होतं.

आणि त्याआधी एक रंगीत तालीम करा. खोपोलीचं इमॅजिका २०१३ पासून आहे, पारोळचं वॉटर पार्क तर आपल्या दारात. आमच्या लहानपणी गोराईचं एस्सेलवर्ल्ड होतं, १९८९ चं, आता ते बंद पडलंय. विरार-डहाणू शटल पकडून, बोरिवलीला उतरून, बोटीने जावं लागायचं आणि तेवढ्यानेच निम्मी मजा वसूल व्हायची. तालमीचा उपयोग असा की मुलाला रोलरकोस्टर आवडतो की तो डोळे मिटून रडतो, हे दोन हजारांत कळतं. दोन लाखांत कळू नये.

आता दोन वर्षं थांबायचं ठरलं तर लगेच करायचं काम एकच. मुलांचे पासपोर्ट नाही. लहानांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच मिळतो, आत्ता काढलात तर दोन वर्षं कपाटातच वाया. आधी आजीचा काढा. तिचा दहा वर्षांचा मिळेल, साठीपुढच्यांना नव्या अर्जाच्या फीत दहा टक्के सूटही आहे. आणि खरा वेळ तिच्याच कागदांना लागतो. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, रेशनकार्डावर तिसरंच काहीतरी, जन्मतारीख एक जून. हे सगळं एका रेषेत आणायला तालुक्याच्या किती फेऱ्या होतील सांगता येत नाही. या शनिवारी तिची ट्रंक उघडून दाखला सापडतो का, तेवढं बघून घ्या.