सांडले-फुटले तर सांगा



रसायनशास्त्राच्या प्रयोगाला जाताना तुम्ही जपून पाऊल टाकता. बाटलीवर 'आम्ल' असे लिहिलेले दिसले, की हात आपोआप मागे येतो. जीवशास्त्राच्या प्रयोगाला मात्र तुम्ही हसत-खेळत येता. तेथे असते तरी काय? कांदा, बटाटा, जास्वंदीचे पान, भिजवलेले हरभरे. हे सारे तर घरातही असते, मग भ्यायचे कशाला? माझे मत असे, की धोका नेमका येथेच सुरू होतो. ओळखीच्या वस्तू पाहून आपण गाफील राहतो आणि बेसावध हात लवकर भाजतो.

उर्दूत आपण प्रयोगशाळेला 'तजरबागाह' म्हणतो. तजरबा म्हणजे प्रयोग आणि तजरबा म्हणजे अनुभवही. मराठीने या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द दिले आहेत. मला मात्र आपला जोडशब्द आवडतो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी मराठीत एक म्हण आहे. तेव्हा आधी एका जुन्या ठेचेची हकिकत ऐका.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्डेमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोक लशीला भीत होते. तेव्हा तिसरे आगाखान यांनी सर्वांसमोर लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. पुढे ही प्रयोगशाळा परळला गेली. आज तिला हाफकिन संस्था म्हणतात.

आता त्या ठेचेकडे येऊ. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी, जे आज पाकिस्तानात आहे, १०७ जणांना ही लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण पुढे धनुर्वाताने मरण पावले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. हाफकिन यांना आपले पद सोडावे लागले. अनेक वर्षे चौकशी आणि वाद चालला. शेवटी असे दिसून आले, की बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. १९०७ साली हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला. पण गेलेली माणसे परत आली नाहीत.

मुलांनो, चिमटा कोणाच्याही हातून पडतो. तुमच्या पडेल, माझ्याही पडेल. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण पडलेला चिमटा उचलून काहीच झाले नाही असे समजून काम पुढे चालवायचे, की दोन मिनिटे थांबायचे, हे आपल्या हातात असते. आणि शिक्षा नेहमी चुकणाऱ्यालाच होते असेही नाही. १९७८ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात जॅनेट पार्कर या छायाचित्रकार बाई देवीच्या रोगाने मरण पावल्या. जगात या रोगाने झालेला तो शेवटचा मृत्यू. देवीच्या विषाणूवर काम करणारी प्रयोगशाळा त्यांच्या खोलीच्या खालच्या मजल्यावर होती. त्या स्वतः तेथे कामालाही नव्हत्या. विषाणू वर कसा पोचला, हा वाद आजही मिटलेला नाही.

तुमच्या शाळेत प्लेगचे जंतू नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण चिमटा पडल्यावर गप्प बसण्याची सवय शाळेतच लागते. आणि ती लावण्यात आम्हा मोठ्यांचाही हात असतो. काही शाळांत परीक्षानळी किंवा चंचुपात्र फुटले, तर विद्यार्थ्याकडून पैसे भरून घेतात. ज्याचे वडील केळीच्या बागेत रोजंदारीने जातात, तो मुलगा फुटलेली नळी घरी कशी सांगणार? तो तुकडे रुमालात गुंडाळून खिशात घालतो, नाही तर मोरीत टाकतो. दुसऱ्या दिवशी मोरी साफ करणाऱ्याचा हात कापतो. माझे स्पष्ट मत आहे, की हा दंड बंद झाला पाहिजे. मुद्दाम केलेली मोडतोड वेगळी आणि काम करताना झालेली वेगळी. शिक्षकांनी रागावायचे असेल, तर लपवणाऱ्यावर रागवावे, सांगणाऱ्यावर कधीही नाही.

आता तुमच्या प्रयोगांकडे वळू. माझ्या मते सर्वांत धोक्याचा प्रयोग पानातील स्टार्च शोधण्याचा. पान पाण्यात उकळायचे, मग स्पिरिटमध्ये ठेवून त्याचा हिरवा रंग काढायचा आणि शेवटी आयोडीन टाकायचे. वाचायला सोपे आहे. पण स्पिरिट साधारण ७८ अंश सेल्सियसलाच उकळते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती टेबलावरून सरपटत ज्योतीपर्यंत जाते आणि भडका उडतो. जळत्या स्पिरिटची ज्योत फिकट निळी असते, दिवसाच्या उजेडात ती नीट दिसतही नाही. म्हणून स्पिरिट कधीही थेट ज्योतीवर धरू नका. आधी पाणी चांगले तापवा, मग बर्नर विझवा, ज्योत खरोखर विझली आहे हे पाहा आणि त्यानंतरच स्पिरिटची परीक्षानळी त्या गरम पाण्यात ठेवा. ज्योत न ठेवताही पान पांढरे पडते. जरा वेळ लागतो इतकेच. भांड्यातील स्पिरिटने पेट घेतलाच, तर ते भांडे उचलून पळू नका. बाजूला सरा, शिक्षकांना हाक मारा. ओले फडके किंवा वाळू टाकून ते झाकले, की आग विझते. स्पिरिटचा दिवाही फुंकून विझवायचा नसतो, त्यावर टोपण ठेवायचे असते.

मुलींनो, ओढणीची टोके कमरेला खोचा, स्कार्फची टोके आत घ्या, मोकळ्या बाह्या वर सारा. नायलॉन आणि पॉलिएस्टर जळताना वितळतात आणि कातडीला चिकटतात. सुती कापड त्या मानाने बरे. पडदा पाळून प्रयोग करता येत नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्यात तथ्य नाही. टोके नीट खोचली म्हणजे झाले. भाजलेच तर त्या जागेवर वीस मिनिटे साधे पाणी वाहू द्या. टूथपेस्ट, शाई, तूप काही लावू नका. आपल्याकडे नळाला हवे तेव्हा पाणी मिळेलच असे नाही, म्हणून प्रयोगाच्या आधी पाण्याने भरलेली बादली आणि तांब्या खोलीत असलाच पाहिजे. तो नसेल तर तुम्ही विचारा. असे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

खुर्दबीन, म्हणजे सूक्ष्मदर्शक, तर निरुपद्रवी वाटतो. पण त्याचा आरसा सरळ सूर्याकडे वळवून नळीतून पाहिले, तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. यावलचे ऊन तुम्हांला सांगायला नको. आरसा आकाशाच्या उजेडाकडे ठेवा, सूर्याकडे नाही. खोडाचा पातळ छेद घेताना खोड बटाट्याच्या फोडीत धरा आणि ब्लेड बोटांपासून दूर जाईल असे चालवा. अर्धे मोडलेले ब्लेड मुळीच वापरू नका.

कच्च्या केळ्याच्या फोडीवर आयोडीन टाकले, की ती निळी-काळी होते; पिकलेल्या केळ्याची तितकी होत नाही. यावल तालुक्यात केळ्यांना तोटा नाही, त्यामुळे हा प्रयोग अगदी स्वस्तात होतो. अडचण एकच. प्रयोग संपल्यावर उरलेली केळी कोणीतरी खातो. प्रयोगशाळेत आलेली खाण्याची वस्तू त्या क्षणापासून खाण्याची राहत नाही. पिपेटने द्रव ओढताना तोंड लावू नका, रबरी फुगा वापरा. रक्तगट पाहण्यासाठी एकच सुई दोघांना टोचणे तर अत्यंत वाईट. कावीळ-ब आणि एचआयव्ही यांसारखे रोग अशाच वाटेने पसरतात. काचेच्या बरण्यांतील साप-बेडूक पाहा, पण झाकण उघडू नका. त्यांत बहुधा फॉर्मॅलिन असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली, फॉर्मॅलिनमधील फॉर्माल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होऊ शकतो, असे जाहीर केले आहे.

इतके वाचून कोणी म्हणेल, 'सर, मग प्रयोगशाळेला कुलूपच लावलेले बरे!' काही शाळांत तसे होतेही. मुले आकृती फळ्यावरून उतरवतात आणि पेशी कधीही न पाहता परीक्षेत उत्तीर्ण होतात. मला हे मान्य नाही. विहिरीत पडण्याच्या भीतीने कोणी पाणी भरणे सोडत नाही, विहिरीला कठडा बांधतात. एहतियात हा तुमचा कठडा आहे. ज्या मुलाने शाळेत स्पिरिट कसे तापवायचे ते हाताने शिकलेले नाही, तो उद्या दवाखान्यात, कारखान्यात किंवा औषधांच्या दुकानात कामाला लागला, तर तेथे ते कोणाच्या जिवावर शिकणार?

शेवटी एक छोटे काम सांगतो. या आठवड्यात वर्गातून एक पुठ्ठ्याचे जाड खोके आणा आणि प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात ठेवा. फुटकी काच, मोडकी ब्लेडे, तडे गेलेल्या काचपट्ट्या केराच्या टोपलीत न टाकता त्यातच टाका. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'फुटकी काच' असे मराठीत लिहा आणि उर्दूतही लिहा. केर उचलणाऱ्या मावशींना कदाचित यांपैकी एकच लिपी येत असेल, कदाचित एकही येत नसेल. म्हणून खाली तुटलेल्या काचेचे चित्रही काढा, आणि एकदा त्यांना बोलावून ते खोके दाखवा.